चौथं धुराडं

कपाटाचा सगळ्यात खालचा खण आवरायला घेतला की ती दुपार गेलीच म्हणून समजावं. त्यातलं काही टाकलं जात नाही, एका ढिगातून दुसऱ्या ढिगात जातं एवढंच. परवा अशाच एका दुपारी चित्रकलेची वही हाताला लागली. इयत्ता तिसरी. तेलकट खडूंमुळे पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. नखानं एक पान हळूच सोडवलं, तर त्यावर आगबोट.

आगबोट हा शब्द आता कोणाच्या तोंडी नाही. जहाज म्हणतात, नाहीतर सरळ क्रूझ म्हणतात. मला आगबोटच आवडते. पोटात भट्टी पेटवून चाललेलं काहीतरी मोठं, जिवंत डोळ्यांपुढे येतं. एरवी बोटीला वादळापेक्षा भीती आगीची. नॉर्मंडीसारखी देखणी फ्रेंच बोट 1942 मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उभ्या उभ्या पेटली आणि आग विझवायला ओतलेल्या पाण्याच्या भारानं कलंडली. समुद्रात नाही, धक्क्यावर. पण ते जाऊ दे.

तर माझी आगबोट. काळं अंग, त्यावर पिवळ्या खिडक्यांच्या दोन रांगा (नाण्याभोवती पेन्सिल फिरवून काढलेल्या, त्यामुळे प्रत्येक खिडकी दारापेक्षा मोठी), खाली निळ्या लाटा, आणि वर चार धुराडी. चारही थोडी मागे कललेली. कललेली असली की बोट उभी असतानाही धावतेय असं वाटतं, हे मला तिसरीत कसं कळलं होतं कोण जाणे. कुठल्या तरी चित्रातूनच उचललं असणार. चारही धुराड्यांतून धुराचे काळे गठ्ठे निघालेले. आणि ते गठ्ठे बोटीच्या पुढे चाललेले.

खाली लाल शाईत सरांचा शेरा: "धूर मागे जातो."

हा शेरा घेऊन मी रडत घरी आले होते. बाबा जेवत होते. त्यांनी वही डाव्या हातात धरून लांब केली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "वारा मागून असला तर?"

मला काही कळलं नाही. मग त्यांनी ताटातली वाटी पुढे सरकवली. "ही बोट. चालली वीसच्या वेगानं. मागून वारा आला तीसचा. मग धूर कुठे जाईल? पुढे. चित्र बरोबर आहे, फक्त हवा खराब आहे." आणि आईला म्हणाले, "पोरगीनं वादळातली बोट काढलीय, सरांना शांत समुद्र हवा होता."

सरांना जाऊन हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. पण त्या दिवसापासून आगबोटी माझ्या झाल्या. लोकांना क्रिकेटचे आकडे पाठ असतात, मला धुराडी पाठ आहेत. कुठल्या कंपनीच्या धुराड्याचा रंग कुठला, ते मी झोपेत सांगेन. क्युनार्डचं लाल, वर काळी टोपी. व्हाइट स्टारचं पिवळसर बदामी, वर काळी टोपी. 1969 साली क्वीन एलिझाबेथ 2 आली तेव्हा क्युनार्डनं तिला सडपातळ पांढरं-काळं धुराडं दिलं, तो लाल रंग वगळून. 1982 मध्ये फॉकलंडच्या लढाईतून परत आल्यावर तिच्या धुराड्यावर घराण्याचा लाल रंग चढला. मला ही बातमी कळली तेव्हा ती कित्येक वर्षं जुनी होती, तरी सून घरच्या पद्धतीनं वागायला लागल्यावर सासूला व्हावा तसा आनंद झाला.

मुद्दा चौथ्या धुराड्याचा.

सरांना धुराची दिशा दिसली. बाबांना वारा दिसला. पण त्या चित्रातली खरी चूक दोघांच्याही लक्षात आली नाही, कारण ती माझ्या स्वतःच्या लक्षात यायला सातवी उजाडली. एका जाडजूड पुस्तकात टायटॅनिकचं उभं कापलेलं चित्र होतं, पेरू कापावा तशी बोट मधोमध कापलेली. तळाशी 29 बॉयलर, एकूण 159 भट्ट्या. बॉयलरांच्या खोल्यांतून जाड जाड नळ वर निघालेले, मजल्यांमधून वाट काढत पहिल्या तीन धुराड्यांत शिरलेले. आणि चौथं? चौथ्याच्या खाली एकही बॉयलर नाही. त्यातून बोटीच्या पोटातली कोंदट हवा बाहेर जायची, बस्स. धुराचं नावच नको.

मला फसवल्यासारखं वाटलं. चौथं धुराडं नुसतं दाखवायला!

पुढे कारण वाचलं तेव्हा राग गेला आणि मजा वाटायला लागली. 1897 मध्ये जर्मनांनी कैसर विल्हेल्म डेर ग्रोसे नावाची बोट आणली. चार धुराडी, दोन-दोनच्या जोड्यांत. अटलांटिक ओलांडायच्या वेगात तिनं इंग्रजांना मागे टाकलं आणि तेव्हापासून चार हा आकडा लोकांच्या डोक्यात बसला. अमेरिकेला निघालेल्या, जन्मात समुद्र न पाहिलेल्या माणसाला बॉयलर काय कळणार? तो धक्क्यावर उभा राहून धुराडी मोजायचा. चार म्हणजे दणकट, चार म्हणजे वेगवान, चार म्हणजे पोचणार. क्युनार्डच्या लुसिटानिया आणि मॉरेटानिया 1907 मध्ये निघाल्या, त्यांची चारही धुराडी खरी होती. मॉरेटानियानं 1909 ते 1929 अशी वीस वर्षं वेगाचा विक्रम कोणाला दिला नाही, तेव्हा तिला चार शोभत होती. व्हाइट स्टारच्या ऑलिंपिक आणि टायटॅनिकला तीन पुरत होती. पण शेजारी चार असताना आपल्या दारात तीन कशी चालतील?

चार धुराड्यांच्या अशा बोटी जगात एकंदर चौदाच झाल्या. पाच धुराड्यांची एक होती, ग्रेट ईस्टर्न, पण ती फार आधीची आणि सगळ्याच बाबतीत जगावेगळी. चौदांतली चार धुराड्यांनिशी शेवटपर्यंत टिकलेली ॲक्विटानिया. ती दोन्ही महायुद्धांतून निभावली आणि 1950 मध्ये मोडीत निघाली. दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या अरुंडेल कॅसल आणि विंडसर कॅसल यांची तर 1930 च्या दशकाच्या शेवटी शेवटी चाराची दोन केली. फॅशन गेली की कोणाचीही धुराडी कापतात.

खोटेपणा मात्र गेला नाही. नॉर्मंडीला तीन धुराडी, तिसरं पोकळ, आणि त्याच्या बुडाशी प्रवाशांच्या कुत्र्यांची राहायची सोय. आपल्याकडे मुंबईला लागून पुढे ऑस्ट्रेलियाला जाणारी पी अँड ओ कंपनीची स्ट्रॅथनेव्हर 1931 मध्ये आली, पांढरीशुभ्र, तीन धुराड्यांची. त्यातलं फक्त मधलं खरं. दोन्ही बाजूंना दोन खोटी, मध्ये एक राबणारं. दुसऱ्या महायुद्धानंतर डागडुजीत दोन्ही खोटी उतरवली आणि राबणारं तेवढं ठेवलं. अजूनही हा खेळ संपलेला नाही. डिस्नेच्या बोटींवर जुन्या थाटाची दोन धुराडी असतात, त्यांतल्या 1998 च्या पहिल्या बोटीचं पुढचं धुराडं खोटं. तिथे धुराऐवजी करमणुकीची खोली.

खरी धुराडी तरी कुठे फार खरी म्हणा. क्वीन मेरी 1967 मध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचला कायमची बांधली. तिथे दुरुस्तीसाठी तिची तिन्ही धुराडी उचलून खाली ठेवली तर ती ढासळलीच. आतलं लोखंड केव्हाच गंजून गेलेलं, वर्षानुवर्षं दिलेल्या रंगाच्या थरांनी ती उभी होती. आज दिसतात ती नवी, ॲल्युमिनियमची. हे वाचल्यावर मी दोन दिवस उदास होते. घरात कोणाला कारण सांगता येईना. "काय झालं?" "क्वीन मेरीची धुराडी रंगाची होती." असं उत्तर देऊन पाहा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

तर या चौथ्या धुराड्यामुळे मला एक खोड लागली. कुठेही टायटॅनिकचं चित्र दिसलं, कॅलेंडरवर, डब्यावर, मुलांच्या टी-शर्टवर, की मी आधी शेवटचं धुराडं बघते. त्यातून धूर काढलेला असला की मला राहवत नाही. "यातून धूर येत नाही हं," मी सांगते. कोणी विचारलेलं नसतं. एकदा एका मुंजीत आहेराच्या पाकिटावर बोट होती, मी यजमानीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो का," आणि मला आइस्क्रीम दिलं. माझ्या भाच्यानं तर लहानपणी माझ्यापुढे बोटी काढणंच सोडलं, तो विमानं काढायला लागला. आज तो विमानांचाच अभ्यास करतो. यात माझाही वाटा आहे असं मी मानते, तो मानत नाही.

आणि मग, इतकी वर्षं सगळ्यांचा धूर खोडून झाल्यावर, मला कळलं की चौथ्यातून धूर येत होता.

थोडासाच. बॉयलरांचा नाही. स्वयंपाकघरांचा धूर त्याच धुराड्यातून वर जायचा. शिवाय पहिल्या वर्गाच्या पुरुषांसाठी सिगार ओढायचा दिवाणखाना होता, त्यात एक शेकोटी होती. बोटीवरच्या बाकीच्या शेकोट्या विजेच्या, शोभेच्या. ही एकच खऱ्या कोळशाची, आणि तिचा धूरही चौथ्यातून जायचा. म्हणजे खोट्या शेकोट्यांमधली एकच खरी शेकोटी, आणि तिचा धूर खऱ्या धुराड्यांमधल्या एकाच खोट्या धुराड्यातून. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. आहेराच्या पाकिटावरचा चित्रकार बरोबर होता. तिसरीतली मी बरोबर होते. काळे गठ्ठे जरा जास्त झाले होते इतकंच. त्या यजमानीणबाईंचा नंबर माझ्याकडे नाही.

वही मांडीवर ठेवून हे सगळं आठवत होते. चौथ्या धुराड्यावर बोट ठेवलं तर खडू अजून चिकट. आणि मग ती दुसरी गोष्ट आठवली, जी मी कधी कोणाला सांगत नाही, कारण ती सांगताना आवाज हलका ठेवता येत नाही.

11 एप्रिल 1912, दुपार. टायटॅनिक आयर्लंडमध्ये क्वीन्सटाउनच्या बाहेर नांगर टाकून उभी. लहान बोटींतून टपाल आणि शेवटचे प्रवासी येतायत, बरेचसे तिसऱ्या वर्गाचे. डेकवर लोक उभे. सांगतात ते असं, की कोणीतरी सहज वर पाहिलं आणि चौथ्या धुराड्याच्या तोंडातून एक माणूस डोकावत होता. तोंड काजळीनं काळंठिक्कर. बायका घाबरल्या, कोणी अपशकुन म्हणालं. बोट बुडाल्यावर तर ती गोष्ट अपशकुनाची म्हणूनच उरली.

तो एक भट्टीवाला होता. पी अँड ओच्या बोटींवर याच कामाच्या आपल्या लोकांना आगवाला म्हणत. टायटॅनिकच्या पोटात दिवसाला सहाशे टनांच्या आसपास कोळसा जायचा, तो फावड्यांनी भट्ट्यांत घालायचा. चार तास काम, आठ तास सुटी, पुन्हा चार तास. वर डेकवर जायची मुभा नाही. बाकीच्या तीन धुराड्यांत शिरायचा प्रश्नच नव्हता, तिथे आग होती. हे एकच पोकळ, आतून शिडी असलेलं. सगळ्यांना दाखवायला म्हणून बांधलेल्या त्या खोट्या धुराड्यातून तो साठेक फूट चढून वर आला, का, तर वाऱ्याला. किंवा नुसतं बघायला. वरून आयर्लंडचा हिरवा किनारा दिसत असणार. एप्रिलची हवा, गार.

किती वेळ थांबला ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. पाळीची वेळ झाली असेल, उतरला असेल.