तोक्यो–कानाझावा–क्योतो: रेल्वेने, खात-पीत

तोक्योहून थेट क्योतो गाठण्याऐवजी कानाझावावरून वळसा घेतला, तर जपानी समुद्राकडची बाजू पाहायला मिळते. सात दिवसांचा जपान रेल पास मात्र या मार्गासाठी घेऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ५०,००० येनांवर गेला. तोक्यो–कानाझावा–क्योतो आणि परत तोक्यो अशी सुटी तिकिटं चाळीस हजारांच्या आत बसतात.

तोक्यो–कानाझावा ‘कागायाकी’ या शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) साधारण अडीच तास. हिच्यात सगळ्या जागा आरक्षित. आयत्या वेळी निघायचं असेल तर ‘हाकुताका’ घ्यावी, तिला अनारक्षित डबे असतात. डावीकडची खिडकी मिळाली आणि आकाश स्वच्छ असलं, तर तोयामाच्या अलीकडे तातेयामाची डोंगररांग दिसते.

कागदी तिकिटं बहुधा दोन मिळतात: एक मूळ भाड्याचं, एक एक्स्प्रेसचं. गेटमध्ये दोन्ही एकावर एक ठेवून एकदम घालायची आणि पलीकडे उचलायला विसरायचं नाही. शहरातून सुइका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड टेकवून आलात, तर शिनकानसेनच्या आतल्या गेटवर आधी कागदी तिकिटं, मग कार्ड. हे चुकलं की कार्डावरचा प्रवास उघडाच राहतो आणि पुढच्या स्टेशनवर गेट अडवतं.

कानाझावाहून क्योतोला आता थेट गाडी नाही. १६ मार्च २०२४ ला शिनकानसेन त्सुरुगापर्यंत वाढली, म्हणून तिथे उतरून ‘थंडरबर्ड’ एक्स्प्रेस पकडायची. जोडगाडीला बऱ्याचदा आठेक मिनिटंच असतात. शिनकानसेन वरच्या मजल्यावर, थंडरबर्ड तळाला. मोठी बॅग असेल तर लिफ्टच्या रांगेतच वेळ जातो. एक गाडी सोडून पुढचीचं आरक्षण केलेलं बरं. थंडरबर्डही पूर्ण आरक्षित आहे. परतीच्या तोकाइदो शिनकानसेनवर लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंमीपेक्षा मोठ्या बॅगेसाठी ती ठेवायची सोय असलेल्या सीटचं आरक्षण लागतं, नाहीतर १,००० येन दंड. त्यापेक्षा ‘ताक्क्यूबिन’ या कुरिअर सेवेने बॅग आदल्या दिवशी पुढच्या हॉटेलात पाठवावी.

खाण्यासाठी कानाझावाचा ओमीचो बाजार सकाळीच गाठावा. बुधवारी बरीच दुकानं बंद असतात. विकत घेतलेलं त्याच दुकानासमोर उभं राहून संपवायचं, चालत खायचं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात मादी खेकडा ‘कोबाको’ मिळतो, आकाराने लहान पण गाबोळीने भरलेला. गाडीत खायला तोयामाची ‘मासु नो सुशी’: गोल लाकडी डबा, बांबूच्या पानांत दाबलेला आंबूस भात, वर ट्राउट मासा. सोबतच्या सुरीने भाकरीचे चतकोर करावेत तशी पानासकट कापायची. एक डबा दोघांना पुरतो.

शाकाहारींनी ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नये. सूप, भाज्या, अगदी टोफूच्या पिशवीतली इनारी सुशीसुद्धा बहुधा माशाच्या ‘दाशी’त मुरलेली असते. क्योतोत मठांची ‘शोजिन र्योरी’ हाच खात्रीचा पर्याय, आणि तोही आधी सांगून ठेवावा लागतो.

खरेदीत कुतानीची चिनीमातीची भांडी याच भागातली, आणि सोन्याचा वर्ख कानाझावाचाच. करमाफीसाठी एका दुकानात एका दिवशी करापूर्वी किमान ५,००० येनांची खरेदी आणि मूळ पासपोर्ट हवा, झेरॉक्स चालत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून दुकानात कर भरायचा आणि देश सोडताना माल तपासून परतावा, अशी पद्धत ठरली आहे. म्हणजे घेतलेल्या वस्तू बॅगेत खाली कोंबून चेक-इन करण्याआधी ते काम उरकावं. स्वयंपाकाच्या सुऱ्या मात्र चेक-इनच्या बॅगेतच, हाताशी ठेवल्या तर विमानतळावर काढून घेतात. साके, म्हणजे तांदळाची दारू, भारतात माणशी दोन लिटरपर्यंत ड्युटीविना आणता येते.