साकेच्या पिंपातली बिअर आणि आपली मोहाची

परवा जपानातल्या मितो शहरात एका छोट्या इझाकायात, म्हणजे जपानी खानावळवजा बारमध्ये, हिताचिनो नेस्ट या ब्रँडची क्लासिक एल नावाची बिअर प्यायलो आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. साकेसाठी, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूसाठी, वापरतात त्या सुगी नावाच्या झाडाच्या लाकडी पिंपांत ही बिअर मुरवतात. सुगी म्हणजे तेच झाड ज्याच्या परागकणांमुळे दर वसंतात अख्खं तोक्यो मास्क लावून शिंकत असतं, मी पण त्यात आलोच, पण त्याच्या लाकडाला मात्र आता मानलं.

ग्लास नाकाजवळ नेला की आधी लाकूडच येतं, सुताराने नुकताच रंधा मारलेल्या फळीसारखं ताजं. व्हिस्कीत असतो तो जळका, व्हॅनिलासारखा वास नाही कारण ही पिंपं आतून जाळत नाहीत. मग हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडूपणा, आणि गिळल्यावर माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा मागे बराच वेळ रेंगाळतो. 7 टक्के अल्कोहोल आहे त्यामुळे सावकाश प्यायची, आणि फार गार नको, लाकूड लपतं. धाटणी इंडिया पेल एलची, म्हणजे इंग्लंडहून जहाजाने मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी यायची ती भरपूर हॉप्सवाली बिअर. नाव आपलं, पिणारे ते!

बनवणारे किउची लोक इबाराकी प्रांतातल्या नाका गावचे. 1823 मध्ये त्यांच्या पूर्वजाने, जो गावचा पाटीलच होता, साके काढायला सुरुवात केली. बिअर मात्र आली 1996 ला. कारण तोपर्यंत जपानात बिअरचं लायसन्स हवं तर वर्षाला किमान 20 लाख लिटर काढावी लागायची, म्हणजे मोठ्या कंपन्या सोडून कोणाला परवडणार? 1994 मध्ये सरकारने ती अट 60 हजार लिटरवर आणली. बस्स, एवढंच केलं. आणि गावोगावचे साकेवाले, ज्यांच्याकडे चांगलं पाणी, आंबवण्याचं पिढ्यांचं ज्ञान आणि साके काढायचा हिवाळा संपल्यावर मोकळे हात होते, ते बिअरमध्ये उतरले. एक आकडा बदलला आणि घराण्याची विद्या नवीन कामाला लागली, मला याचं खरंच फार कौतुक वाटतं.

आणि इथेच मला आपल्या मोहाची चीड येते, म्हणजे मोहाच्या फुलांचं जे झालं त्याची. ब्रिटिशांनी 1892 ला ठाणे-कुलाब्यासाठी कायदा करून मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरच बंधनं आणली, आणि आदिवासींच्या हातातली कला हातभट्टी म्हणून बदनाम झाली ती आजतागायत. कोणी म्हणेल जपाननेही 1899 ला घरी दारू गाळायला बंदी घातलीच की. घातली, पण साकेवाल्यांचा धंदा लायसन्सवर चालू राहिला, आणि सरकार त्यांचंच होतं, आपल्याकडे कायदा करणारेही परके आणि महसूलही परक्यांचा. तेव्हा "जपानी लोक बघा परंपरा कशी जपतात" हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, ते मला पटत नाही, जपायला आधी ती हातात ठेवायला लागते. गोव्याने फेणीला 2009 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळवून दिला, म्हणजे मनात आणलं तर आपल्यालाही जमतं.

(दारूवर एवढं लिहितोय म्हणून काळजी करणाऱ्या घरच्यांसाठी: इथे जपानात गाडी चालवणाऱ्याला प्यायला दिली तर देणाऱ्यालाही शिक्षा होते, त्यामुळे मालकाने ऑर्डर घ्यायच्या आधीच विचारलं कसे आलात, आणि आम्ही ट्रेननेच गेलो होतो. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी चांगली बाटली, त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही.)

सोबत मीठ लावलेली काकडी मस्त लागते, तिखट फरसाणने मात्र लाकडाची चव पार मरते. भारतात येताना ड्यूटी न भरता 2 लिटरपर्यंत आणता येते, म्हणजे 330 मिलीच्या सहा बाटल्या. गोव्यात कोणी फेणी लाकडी पिंपात मुरवून बघत असेल तर कळवा, त्यातल्या दोन तुमच्या, बसून दोन्ही शेजारी ठेवून चाखू.