सगळ्या कॉलन्या जुन्याच निघाल्या

आमच्या घरी ब्रॉयलर कोंबड्यांची पोल्ट्री आहे, त्यामुळे लायसिन (प्रथिनं बनवणारं एक अमिनो आम्ल) हा शब्द मी पुस्तकाआधी खाद्याच्या पोत्यावर वाचला. मक्यात ते कमी असतं, म्हणून वरून घालावं लागतं, हे बाबांनाही पाठ. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मॅडमनी अस्पार्टोकायनेज दिलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे पोत्यातलंच की!" जवळपास तेच.

हे एन्झाइम एटीपीचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूचा, फॉस्फेट अस्पार्टेट या अमिनो आम्लावर चढवतं. लायसिनच्या वाटेवरची ही पहिली पायरी. कारखान्यात लायसिन बनवणारा जिवाणू म्हणजे कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम. त्याच्यात लायसिन आणि थ्रिओनिन (आणखी एक अमिनो आम्ल) दोन्ही साठले, की हे एन्झाइम काम थांबवतं. जिवाणूचं ते शहाणपण, कारखानदाराची डोकेदुखी. जुन्या लोकांनी लायसिनसारखं दिसणारं एईसी हे रसायन घालून जगतील तेवढे जिवाणू वेचले. त्यांतल्या अनेकांचा हा ब्रेक निकामी झालेला असायचा. असाच एक प्रसिद्ध बदल म्हणजे एन्झाइमच्या साखळीत ३११ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल. डीएनएत एका 'सी'च्या जागी 'टी', बस्स. तो मला मुद्दाम घडवायचा होता.

कृती कागदावर सोपी. बदललेलं अक्षर असलेले प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) घेऊन, एन्झाइमचं जनुक ज्यात आहे त्या अख्ख्या प्लास्मिडची (डीएनएच्या गोल कडीची) पीसीआर करायची, म्हणजे मशीनमध्ये त्याच्या प्रती काढायच्या, मग डीपीएन-वन एन्झाइम घालायचं. ते मिथाइल लागलेला जुना डीएनए कापतं. पीसीआरमध्ये बनलेल्या नव्याला मिथाइल नसतो, तो वाचतो. तो जिवाणूंत घालून प्लेटवर वाढवायचे. दुसऱ्या दिवशी प्लेटभर कॉलन्या, म्हणजे जिवाणूंचे ठिपके! मी लॅबमध्ये पेढेच वाटायचे बाकी ठेवले होते. चार कॉलन्या सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घ्यायला, पाठवल्या. चारही जुन्या, जशाच्या तशा.

पंधरा दिवस मी प्रायमरला, मशीनला, नशिबाला दोष देत होते. मग सीनियर ताईने सहज विचारलं, "प्लास्मिड जिवाणूच्या कुठल्या स्ट्रेनमधून काढलंस?" फ्रीजरमधली ट्यूब बाहेर काढली. झाकणावर पुसट पेनने लिहिलं होतं: डॅम-मायनस. या स्ट्रेनमध्ये डीपीएन-वनला हवा असलेला मिथाइल बसतच नाही! म्हणजे माझं जुनं प्लास्मिड न कापता तसंच प्लेटवर उतरत होतं. पीसीआर न केलेल्या प्लास्मिडला डीपीएन-वन घालून एक कंट्रोल प्लेट लावली असती, तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. एक प्लेट वाचवायला गेले आणि पंधरवडा घालवला. हे मी व्हायव्हात सांगितलं नाही.

प्लास्मिड डीएच-फाइव्ह-अल्फा या मिथाइल बसवणाऱ्या स्ट्रेनमध्ये घालून पुन्हा काढलं. या वेळी कॉलन्या मोजून अकरा. पाठवलेल्या चारांपैकी तिघींत 'टी'! प्रथिन निकेल कॉलमवर शुद्ध करण्यात आणखी एक आठवडा गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

शेवटची चाचणी मात्र डोळ्यांनी दिसणारी. एन्झाइमने बनवलेला पदार्थ हायड्रॉक्सिलअमीनशी जोडला जातो आणि आम्लातलं फेरिक क्लोराइड घातलं की तांबूस-तपकिरी रंग येतो. ५४० नॅनोमीटरवर मोजायचा. मूळ एन्झाइमच्या दोन ट्यूब: एक गडद, आणि लायसिन-थ्रिओनिन घातलेली दुसरी फिक्या पिवळ्यावरच थांबलेली. शेजारी माझ्या एन्झाइमच्या दोन, दोन्ही गडद. स्पेक्ट्रोफोटोमीटरकडे नेण्याआधी फोटो काढून बाबांना पाठवला.

त्यांचं उत्तर आलं: "छान. पोतं स्वस्त कधी होणार?"