तुम्ही विचारलंत म्हणून: नकाशातला राखाडी भाग

माझ्या प्रोजेक्टचा, दरडींचा धोका दाखवणारा नकाशा कुणालाही दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला: "हा एवढा भाग राखाडी का? काम अर्धवट राहिलं का?" ज्युनिअर विचारतात, मुलाखतीत विचारतात, घरचेही विचारतात. एकदाच नीट सांगते. काम अर्धवट नव्हतं. उतार, खडक, ओढ्यापासूनचं अंतर, त्या भागाचे सगळे लेअर, म्हणजे माहितीचे थर, तयार होते. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तोही बाकीच्यासारखा हिरवा-पिवळा-लाल करणं काही मिनिटांचं काम होतं. मी तो जाणूनबुजून रंगवला नाही.

दरडप्रवण नकाशा, म्हणजे कुठला उतार कोसळू शकतो हे रंगांत दाखवणारा नकाशा, संगणकातल्या मॉडेलने करतात. मॉडेल शिकतं ते आधी कोसळलेल्या दरडींच्या नकाशावरच्या ठिपक्यांवरून. आणि ठिपका पडतो कुठे? दरडीमुळे कुणाचं तरी अडलं, तिथे. रस्ता बंद होतो, बातमी येते, नोंद होते. नासाची 2007 पासूनची जागतिक दरडसूचीसुद्धा बरीचशी बातम्यांवरच उभी आहे.

सबमिशन तोंडावर आलेलं असताना मी फ्रिक्वेन्सी रेशोचा, म्हणजे कुठल्या प्रकारच्या जागी दरडी सरासरीपेक्षा किती जास्त हे सांगणारा, तक्ता बघत बसले होते. सगळ्यांत मोठा आकडा उताराचा नव्हता, "रस्त्यापासून 100 मीटरच्या आत" या वर्गाचा होता. आता रस्त्यासाठी डोंगर कापला की उतार खरोखरच कमकुवत होतो, त्यामुळे तो आकडा सरळ खोटाही म्हणता येईना. म्हणून गूगल अर्थ उघडलं आणि डोंगराच्या मागच्या बाजूला गेले, जिथे रस्ताच नाही. तिथे झाडीत मातकट ओरखडा दिसला. वर अरुंद, खाली पसरलेला, पायथ्याशी ओढा बाजूला ढकललेला. दरडच. सूचीत नोंद नाही, आणि माझ्या नकाशात ती जागा गडद हिरवी: "धोका अतिशय कमी".

गाईड सरांना दाखवलं. ते म्हणाले, "आरओसीचा आकडा उत्तम आलाय, मग अडचण काय?" (मॉडेल दरडीच्या आणि बिनदरडीच्या जागा किती नीट ओळखतं, त्याचा हा आकडा.) अडचण हीच होती. तपासणीसाठी बाजूला ठेवलेले ठिपकेही त्याच सूचीतले, त्याच रस्त्यांच्या कडेचे. मॉडेलची परीक्षा त्याने पाठ केलेल्या धड्यावरच चालली होती. सगळे ओरखडे स्वतः शोधून भरावेत, तर जुन्यांवर झाडी वाढलेली, कितीतरी उतार सावलीत. सर शेवटी म्हणाले, "नकाशा मागणाऱ्याला उत्तर हवं असतं, भोक नाही." मी ऐकलं नाही; जिथे नोंदीच नाहीत तो भाग राखाडी ठेवला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नकाशा पाहिला, "अपूर्ण" एवढंच म्हणाले आणि पान उलटलं. खडकाबद्दल नाही, पिक्सेलबद्दल नाही, एकही प्रश्न नाही. गुण गेले त्यापेक्षा ते पान उलटणं जास्त लागलं.

तेव्हा मला वाटायचं, राखाडी म्हणजे प्रामाणिकपणा, विषय संपला. आता तसं छातीठोकपणे म्हणवत नाही. एका मैत्रिणीने राखाडीवर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे इथे काही धोका नाही ना?" लोक तो रंग असाही वाचतात. शिवाय ज्यांच्या दरडीची नोंद झाली नाही, त्यांना मी नकाशातूनही वगळलं. सरांचं म्हणणं हेच तर होतं.

मग ठिपके सोडून फक्त उतार आणि खडकावरून, एएचपीने, म्हणजे घटकांची दोन-दोन करून तुलना करत त्यांचे भार ठरवून, तो भाग रंगवावा? तेही करून पाहिलं. पण थॉमस साटी यांच्या त्या पद्धतीत सुसंगतीचं गुणोत्तर 0.10 च्या आत आलं, तर एवढंच कळतं की माझी उत्तरं एकमेकांना फारशी छेद देत नाहीत. डोंगराला ती मान्य आहेत की नाहीत, हे त्यातून कळत नाही.

हिरवा मात्र मी आजही भरणार नाही. सध्या राखाडीऐवजी तिरप्या रेघा मारते आणि लेजंडमध्ये, म्हणजे रंग-खुणांच्या यादीत, "नोंदी नाहीत, धोका ठरवलेला नाही" असं लिहिते. सरांना तेही पटलेलं नाही.