तांदूळ निवडता निवडता

मला कच्चे तांदूळ खायची सवय नक्की कधी लागली ते आठवत नाही. रात्री सगळं आवरून परात घेऊन बसायचं, चार खडे बाजूला काढायचे आणि चिमूटभर तांदूळ तोंडात टाकायचे, ते दाताखाली कुरकुर वाजले की इतकं बरं वाटायचं की कधी कधी निवडायचे तांदूळ नसतानाही मी डबा उघडून मूठभर घ्यायचे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दरवेळी ओरडायच्या, "अगं तांदूळ खाऊ नगंस, पांढरीफटक पडशील." मी हो हो म्हणायचे आणि खायचे.

आत्यांनी बरोबर ओळखलं होतं, फक्त ते उलटं होतं. तांदूळ खाऊन मी पांढरी पडत नव्हते, रक्त कमी झालं होतं म्हणून मला तांदूळ खावेसे वाटत होते. अंगातलं लोह कमी झालं की काही जणांना माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ असलं काहीतरी खायची ओढ लागते, हे मला वयाच्या ४१ व्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं.

डॉक्टरांकडे गेले ते पण स्वतःसाठी नाहीच. मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बीपी दाखवायला गेलो होतो, जिना चढून वर गेले आणि मला बोलताच येईना, धाप लागलेली. डॉक्टरांनी मामांच्या आधी माझ्याच डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "तुम्ही रक्त तपासून या." हिमोग्लोबिन आलं ८.४. बायकांचं १२ च्या वर हवं. मी रिपोर्ट हातात घेऊन तिथंच बाकड्यावर बसले आणि मला रडूच आलं, कारण मामांच्या गोळ्या, आत्यांची शुगर, पोरांचे डोस, ह्यांचं कोलेस्टेरॉल, सगळ्यांच्या तारखा मला पाठ आहेत आणि माझी स्वतःची शेवटची रक्त तपासणी धाकटीच्या बाळंतपणातली होती, धाकटी आता नऊ वर्षांची आहे.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पाळीचा. किती जातं, किती दिवस, गाठी पडतात का. मी म्हटलं चालतंच की, सगळ्यांचं तसंच असतं. तसं नसतं. दर दीड-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, आठ आठ दिवस जात असेल तर ते "चालतंच की" नाहीये, त्याची तपासणी करायची असते आणि त्यावर औषध असतं. मी तीन वर्षं हे कुणालाच बोलले नव्हते, आईला पण नाही. हे वाचणाऱ्या बायकांनो, एवढं एक तरी कुणाला तरी सांगा. आपण एकट्या नाही, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी साधारण ५४ बायकांना ॲनिमिया निघाला, म्हणजे आपल्या गल्लीत, आपल्या भिशीत, निम्म्याहून जास्त.

दुसरा प्रश्न होता, जेवता कधी? आणि त्याचं उत्तर देताना मला आमचं सगळं घरच डोळ्यासमोर दिसायला लागलं. आधी मामा आणि पोरं, मग हे दुकानातून आले की हे, मग आत्या, आणि मग मी, साडेदहाला, ओट्याशी उभी राहून, जे उरलंय ते संपवायचं म्हणून. पालेभाजी बहुतेक संपलेलीच असायची, भात उरलेला असायचा. रविवारी मटण केलं तरी फोडी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात आणि माझ्या वाट्याला रस्सा. कुणी मला खाऊ नको म्हणालं नव्हतं हो, आमच्या घरातली माणसं तशी नाहीत, पण मीच वाढत होते आणि मीच स्वतःला वगळत होते. आत्यांनी त्यांच्या सासूबाईंना तसंच करताना बघितलं, मी आत्यांना बघितलं, आणि माझी धाकटी रोज मला बघत होती. हे शेवटचं डोक्यात आल्यावर मात्र मला झोप लागली नाही.

मग आम्ही एकच गोष्ट बदलली. सव्वाआठला सगळ्यांनी एकत्र बसायचं. पहिले पंधरा दिवस फार अवघड गेले, हे दुकान लवकर बंद करेनात, मामांना सातलाच भूक, पोरीला टीव्ही. आत्या म्हणायच्या, "तू बसलीस तर गरम भाकरी कोण वाढायचं?" शेवटी भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवायला लागले, थोड्या गार होतात, होऊ देत. भाजी पातेल्यासकट मधे ठेवायची आणि सगळ्यांनी एकदम घ्यायची, म्हणजे कुणाला किती उरलं हा प्रश्नच येत नाही.

खाण्यात फार वेगळं काही आणलं नाही. बीट मी किलो किलोनं आणायला लागले होते, तर डॉक्टर म्हणाले बीट लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही, त्यात लोह फार नसतं. गुळाचं पण तसंच, गूळ खाऊन हिमोग्लोबिन वाढवायचं म्हटलं तर आधी शुगर वाढेल. त्यापेक्षा हुलगे, मटकी, चवळी, पालेभाजी, अंडं, मटण. आत्यांनी कित्येक वर्षांनी हुलग्याचं माडगं केलं, पोरांनी नाक मुरडलं पण मामांनी दोन वाट्या प्यायले. जेवणावर लिंबू पिळायचं, आंबट असलं की डाळी-भाज्यांमधलं लोह अंगाला जास्त लागतं. आणि चहा! जेवून उठलं की लगेच अर्धा कप चहा ही माझी वीस वर्षांची सवय, आणि चहा नेमका जेवणातलं लोह अडवतो, म्हणून आता जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नाही. हे सगळ्यात जड गेलं, खरं सांगते, गोळ्या परवडल्या.

गोळ्यांचं पण सांगते. लोहाच्या गोळ्या दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घ्यायच्या नाहीत. संडास काळी होते, घाबरायचं नाही. पोट गच्च होतं, तेव्हा गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगायचं, ते बदलून देतात. आणि आकडा चांगला आला म्हणून लगेच थांबायचं नाही, अंगातला साठा भरायला पुढे काही महिने लागतात, मला नॉर्मल आल्यावरही तीन महिने सांगितल्यात. स्वतःच्या मनानं दुकानातून आणून मात्र घेऊ नका, आधी तपासा.

आता यातली गंमत अशी की मी इतकी वर्षं मामा-आत्यांच्या मागे लागून जे झालं नव्हतं ते मी स्वतः आजारी निघाल्यावर झालं. मामांचं कसं, बीपी १२४ आलं की "नॉर्मल आलंय की, मग गोळी कशाला?" म्हणून आठवडा आठवडा गोळी बंद. अहो मामा, गोळीनं नॉर्मल आलंय, हे मी हजार वेळा सांगितलं असेल. आता माझी पण रोजची गोळी सुरू झाली तर मी माळ्यावरून जुना मिसळणाचा डबा काढला, त्यात सात वाट्या, सोम ते रवी. गोळ्या पाकिटातून सोडवायच्या नाहीत, दमट होतात, पाकीट कात्रीनं कापून एकेक तुकडा वाटीत टाकायचा. असे तीन डबे झाले, मामांचा, आत्यांचा, माझा, आणि नाष्ट्याला तिघं तीन झाकणं उघडतो. मामा आता मलाच विचारतात, "तू घेतलीस का गं?"

बीपी पण आम्ही इतके दिवस चुकीचं बघत होतो. मामा कृष्णेच्या घाटावरून चालून आले की दारातच चहा पीत पीत, शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळून, वर बोलत बोलत. तर तसं नाही, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास सोडायचा, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, उघड्या दंडावर पट्टा, आणि मिनिटभर थांबून दोनदा बघायचं. घरी सारखं १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. आकडे वहीत लिहायचे आणि वहीचा, रिपोर्टचा मोबाईलवर फोटो. २०१९ च्या पुरात आमच्याकडे कपाटातल्या सगळ्या फायलींचा लगदा झाला होता, मामांची कुठली गोळी किती पॉवरची तेच कुणाला सांगता येईना. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको.

आत्यांची मिश्री अजून सुटलेली नाही. सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो वास, मग हातावर चुरून डबीत भरायची, दिवसातून चारदा हिरड्यांना लावायची. त्यांना ती तंबाखू वाटतच नाही, दात घासायची पूड वाटते, आणि "लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई" हे ठरलेलं. पण तंबाखूच आहे ती, तोंडाच्या कॅन्सरचं कारण. मी भांडून थकले होते. त्या दिवशी मी म्हटलं, आत्या मी जेवल्यावरचा चहा सोडते, तुम्ही दुपारची मिश्री सोडा. त्या काही बोलल्या नाहीत, पण चार दिवसांनी दुपारी डबी ट्रंकेवरच राहिली. आता दोनवर आल्यात. सरकारी दवाखान्यात तिशीनंतर बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी फुकट करतात, तिथं नेऊन तोंड दाखवून आणलं, देवाच्या दयेनं काही नाही निघालं. ज्यांना सोडायचीय त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा टोल फ्री नंबर आहे. आत्यांना फोनवर परक्या माणसाशी बोलायचं नाहीये, त्यामुळे आमचं आपलं चहा विरुद्ध मिश्री असंच चाललंय.

गेल्या आठवड्यात परत तपासलं, ११.३. अजून १२ ला पोचायचंय. जिना चढताना आता मधे थांबावं लागत नाही.

काल रात्री पाच किलो तांदूळ निवडले, आत्या शेजारी वाती वळत बसल्या होत्या, धाकटी परातीतले खडे शोधून देत होती. सगळं डब्यात भरून परात धुवायला उठले तेव्हा लक्षात आलं, एकही दाणा तोंडात टाकला नव्हता.