तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे लोक नाचायचे का?

"तुम्ही पूर्व जर्मनीत शिकायला होतात ना, मग तिथे संध्याकाळ झाली की लोक करायचे तरी काय? कम्युनिस्ट राज्य म्हणजे सगळं बंदच असेल ना, नाईटलाईफ वगैरे काही नसेलच?" लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, भाचीच्या ऑफिसातल्या मैत्रिणींकडून, गेली 35 वर्षं हा प्रश्न ऐकतेय. दर वेळी "अगं, खूप नाचायचे" एवढं म्हणून विषय सोडून देते, कारण पुढचं सगळं सांगायला पंगत पुरत नाही. परवा पुन्हा एकीने विचारलं, म्हणून आज बसून लिहितेय.

आधी मी कुठून गेले ते सांगायला हवं. लालबागची चाळ, बाबा गिरणीत स्पिनिंगला, लाल बावटा युनियनचे. पार्टीतल्या ओळखीतून स्कॉलरशिपचा फॉर्म आला आणि 1981 च्या सप्टेंबरात मी लाइपझिगला पोचले. गिरणगावात नाच नव्हता असं नाही हं. हनुमान थिएटरला तमाशा लागायचा, गणपतीत नाच व्हायचे, पण आमच्याकडे नाच म्हणजे एकाने करायचा आणि बाकीच्यांनी बघायचा. पाळी संपवून आलेला कामगार खुर्चीवर बसून बघणार, आणि चांगल्या घरची बाई तर तिथे जाणारच नाही. आम्हा कोकणातल्या बायकांना गौरीची रात्र मिळायची फुगड्या घालायला, ती वर्षातून एकदा आणि तीही बायका-बायकांत. मी 19 वर्षांची होईपर्यंत कुठल्या परपुरुषाच्या हातात हात दिला नव्हता.

पहिलं वर्ष हेर्डर इन्स्टिट्यूटला जर्मन शिकण्यात गेलं, लुमुम्बाश्ट्रासवर होतं ते. व्हिएतनाम, येमेन, निकाराग्वा, मोझांबिक, कुठकुठली मुलं. दुसऱ्याच आठवड्यात होस्टेलच्या मोठ्या खोलीत टेबलं भिंतीला सरकवली आणि नाच सुरू झाला. मी कोपऱ्यात बसले होते. एक मुलगा समोर येऊन वाकून उभा राहिला, "डार्फ इश बिटेन?" म्हणाला, म्हणजे येणार का माझ्याबरोबर, आणि मी इतकी घाबरले की नको म्हणाले. तो हसून "बरं" म्हणाला आणि गेला! रागावला नाही, थांबून राहिला नाही, काही नाही. नको म्हणता येतं आणि त्याने काही बिघडत नाही, हे मला नाचाच्या आधी कळलं आणि खरं सांगते, नाचापेक्षा तेच मोठं होतं.

मग हळूहळू रीत समजली. बँड असेल तर 3 गाण्यांची एक रुंडे असायची, म्हणजे फेरी. फेरी संपली की ज्याने त्याने आपापल्या टेबलावर परत, पुढच्या फेरीला कुणी वेगळं आलं तरी कुणाला वाईट वाटायचं नाही. आणि मध्येच माइकवरून सांगायचे "डामेनवाल!" की मग बायकांनी उठायचं, बायकांनी निवडायचं, आणि पुरुष गप्प बसून वाट बघणार कोण येतंय आपल्याकडे. हे मी घरी पत्रात लिहिलं तर आईने उत्तरात त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही.

पण खरी जागा म्हणजे मोरित्सबास्टाय. त्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण मला माहीत असलेल्या जगात असा क्लब दुसरा नाही. शहराच्या जुन्या तटबंदीचा तो बुरूज, सोळाव्या शतकातला, 1551 ला बांधायला घेतलेला. दुसऱ्या महायुद्धात लाइपझिगवर बॉम्ब पडले, नंतर शहराचा राडारोडा त्या बुरुजाच्या तळघरांत लोटला आणि वरून माती. बरीच वर्षं तसंच पडून. मग 1974 ला युनिव्हर्सिटीच्या मुलांनी ते उकरायला घेतलं. फावडी, घमेली, ढकलगाड्या. 8 वर्षं चाललं ते काम, 30 हजारांवर विद्यार्थ्यांनी मिळून दीड लाख तास श्रमदान केलं, आणि आतून निघाल्या विटांच्या कमानी, एकीतून दुसरीत जाणाऱ्या खोल्या. 1982 च्या फेब्रुवारीत पूर्ण झालं. पुढे जर्मनीच्या चान्सलर झालेल्या अंगेला मेर्केल कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे फिजिक्स शिकत होत्या, त्यांनीही त्या ढिगाऱ्यात काम केलंय. आता तुम्ही म्हणाल एफडीजेने, म्हणजे पार्टीच्या युवक संघटनेने, लावलं असेल कामाला. हो, संघटनेचा हात होताच, तिचे निळे शर्ट होतेच. पण मी माझ्या सीनिअर मुलामुलींना त्या कमानींवरून हात फिरवून "ही आमच्या बॅचने काढली" असं सांगताना पाहिलंय, ते कुणी सांगितलं म्हणून येत नाही हो. नाचायला जागा हवी म्हणून 8 वर्षं माती उपसणारी माणसं आहेत ती, आणि इथे लोक मला विचारतात तिकडे नाईटलाईफ होतं का.

आम्ही त्याला नुसतं एम-बे म्हणायचो. शनिवारी दाराशी रांग, स्टुडंट कार्ड दाखवायचं, एखाददुसऱ्या मार्कात (मार्क म्हणजे तिथलं चलन) आत. आत धूर, ओलसर विटांचा वास, कोट काढून दिल्यावर मिळालेला नंबराचा बिल्ला मुठीत धरून खाली उतरायचं. एका खोलीत जॅझ, दुसरीत डिस्को, तिसरीत कुणी कविता वाचतंय. बाहेर हिवाळ्यात कोळशाच्या धुराने बर्फसुद्धा काळा झालेला असायचा, लाइपझिगला तपकिरी कोळसा जाळायचे घरोघरी, त्याचा वास केसांत बसायचा, आणि आत मात्र इतकं गरम की खिडकी असती तर उघडली असती.

आता नियमांचं. तेही लपवत नाही. डीजेला तिथे डीजे म्हणायचे नाहीत, शालप्लाटेनउंटरहाल्टर म्हणायचे, म्हणजे "रेकॉर्डी वाजवून करमणूक करणारा". त्याला परीक्षा द्यावी लागायची, ग्रेड मिळायची, लायसन्स लागायचं, 1973 पासून डिस्कोचे वेगळे सरकारी नियमच होते. आणि सगळ्यात प्रसिद्ध नियम 60 आणि 40 चा, 1958 पासूनचा: शंभरातली 60 गाणी आपली आणि समाजवादी देशांतली, पश्चिमेची 40 च्या आत. विचारसरणी होतीच त्यात, पण पश्चिमेच्या गाण्यांची रॉयल्टी परकीय चलनात द्यावी लागायची हेही कारण होतं. डीजे कार्यक्रमानंतर गाण्यांची यादी भरून द्यायचा. ओळखीचा एक मुलगा ती यादी आमच्याच किचनमध्ये बसून लिहायचा, आणि त्या यादीवरून कुणाला वाटेल रात्रभर लोक बल्गेरियाच्या गाण्यांवरच नाचले.

गाणी मिळवायची कशी हा वेगळाच उद्योग. तिथल्याच ओर्वो कंपनीची कोरी कॅसेट साधारण 20 मार्कांना, आणि होस्टेलच्या खाटेचं महिन्याचं भाडं 10 मार्क, म्हणजे एका कॅसेटमध्ये 2 महिन्यांची खाट! म्हणून एकच कॅसेट पुसून पुसून वापरायची. रेडिओवर डीटी 64 कार्यक्रमात गाणी मध्ये न बोलता पूर्ण लावायचे, लोकांना टेप करता यावं म्हणून मुद्दाम, आणि हा सरकारी रेडिओ बरं का. बाकी आमच्यासारख्या परदेशी मुलांना पासपोर्टवर पश्चिम बर्लिनला जाऊन येता यायचं. आमच्या वर्गातल्या जर्मन मुलींना नाही. मी फक्त दोनदा गेले. दोन्ही वेळा परत येताना फ्रीडरिशश्ट्रास स्टेशनवर तपासणीच्या रांगेत पोटात गोळा आला होता, पिशवीत तळाशी रेकॉर्ड. ती रेकॉर्ड आमच्या मजल्यावर किती जणांनी टेप करून घेतली त्याची गणतीच नाही. पण मला तेव्हाही टोचायचं आणि आजही टोचतं, की ट्रेनने काही तासांवरच्या शहरात जाता यावं एवढी साधी गोष्ट त्यांना बंद होती आणि लालबागहून आलेल्या मला उघडी होती, आणि त्या मला "काय बघितलंस" असं विचारायच्या तेव्हा काय सांगावं कळायचं नाही.

आता 1982 चा 8 मार्च. महिला दिन तिकडे फार जोरात, कारखान्या-कारखान्यात पार्टी, त्या दिवशी पुरुषांनी कॉफी-केक आणून द्यायचा. आमच्या जर्मनच्या टीचरची आई लाइपझिगच्या सूतगिरणीत होती, श्पिनेराय म्हणतात ती, 1884 ची, एके काळी युरोपातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. तिने मला बोलावलं. आता हे लक्षात घ्या की 18 जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला होता, अडीच लाख कामगार बाहेर, बाबाही बाहेर, पत्र यायला दोन-तीन आठवडे लागायचे आणि पत्रात फक्त "आम्ही ठीक आहोत, तू अभ्यास कर". अशात मी त्या हॉलमध्ये गेले तर समोर सगळ्या स्पिनिंगच्या बायका. काही पहाटेची पाळी करून तशाच आलेल्या, केसांत कापसाचे तंतू. तो कापूस मला ओळखीचा होता, बाबा घरी आले की आई त्यांच्या भुवयांवरून तो काढायची.

आणि त्या बायका नाचल्या. पन्नाशीच्या, जाडजूड, हातांना घट्टे पडलेल्या, एकमेकींच्या कमरेत हात घालून. टीचरच्या आईने मला लिप्सी करून दाखवला. हे नाव ऐकलं नसेल तुम्ही. रॉक अँड रोलला तोड म्हणून 1959 ला तिथल्या सरकारने खास नवा नाच आणला, लाइपझिगच्या लॅटिन नावावरून लिप्सी, जोडीने सभ्यपणे करायचा. तरुण पोरांना तो नको होता, लाइपझिगच्या रस्त्यावर पोरांनी लिप्सी नको एल्विस हवा अशा घोषणा दिल्या आणि त्यासाठी तुरुंगात गेले. नाच चालला नाहीच. पण तिने तो तिच्या तरुणपणी क्लासला जाऊन शिकलेला, पावलं पायांत राहिलेली, आणि तिला तो आवडायचा, मनापासून. मला हाताला धरून शिकवत होती, बाजूला, बाजूला, वळ. मध्येच तिने विचारलं वडील काय करतात. मी मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, स्पिनिंगला आहेत, पण आता संप आहे. ती थांबली. तिच्या देशात संप हा शब्द कुणी मोठ्याने बोलायचं नाही, ते मला नंतर कळलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, माझा हात जरा घट्ट धरला, आणि म्हणाली "नाच". एवढंच.

मी त्या रात्री होस्टेलला येऊन खूप रडले. माझ्या आईने, आमच्या चाळीतल्या एकाही बाईने, पाळीवरून आलेल्या एकाही माणसाने असं स्वतःसाठी कधी नाचलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि ज्यांना नाचता येत होतं त्यांना संप करता येत नव्हता. या दोन गोष्टी मला आजपर्यंत एकत्र बसवता आलेल्या नाहीत.

म्हणून कुणी "तिकडे किती छान होतं" म्हणालं तरी मी हो म्हणत नाही. 1965 च्या ऑक्टोबरात बीट बँडवर, म्हणजे बीटल्सच्या धर्तीचं संगीत वाजवणाऱ्यांवर, बंदी घातली म्हणून याच लाइपझिगमध्ये तरुण मुलं चौकात जमली होती, अडीचशेच्या वर पकडली, त्यातल्या कित्येकांना कोळशाच्या खाणीवर कामाला धाडलं. आमच्या वेळेस तसं नव्हतं, पण टेबलावर कोण ऐकतंय हे सगळे बघून बोलायचे. आणि एकदा शहराबाहेरच्या एका डान्स हॉलच्या दारावर मला आत घेतलं आणि माझ्याबरोबरच्या मोझांबिकच्या मुलाला "आज जागा नाही" म्हणून अडवलं. आत अर्धी टेबलं रिकामी दिसत होती. भिंतीवर आंतरराष्ट्रीय बंधुभावाचं पोस्टर. आम्ही दोघं चालत परत आलो, सहा-सात किलोमीटर, तो एक शब्द बोलला नाही. त्याचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

रात्री किती वाजेपर्यंत, हेही विचारतात. बहुतेक ठिकाणी बारा-एकपर्यंत. मग शेवटची ट्राम, ती चुकली की पायी, आणि पुढची पार्टी कुणाच्या तरी किचनमध्ये. फेब्रुवारीत फाशिंग, म्हणजे तिथला कार्निव्हल, असायचं, प्रत्येक डिपार्टमेंटचं वेगळं, तेव्हा मात्र पहाट व्हायची. मी कित्येकदा एकटी चालत होस्टेलला गेलेय, भीती वाटल्याचं आठवत नाही.

1986 ला परत येण्याआधीच्या शनिवारी एम-बेमध्ये एका फेरीच्या मध्ये रेकॉर्ड बदलायला वेळ लागत होता, आणि माझी रूममेट म्हणाली तुमच्याकडचं काही दाखव की. मी तिचे हात धरले, उलटे, पाय जुळवून, आणि मागे झुकून फुगडी घातली, त्या कमानीखाली. आधी ती किंचाळली, मग जमलं. गाणं मी म्हणत होते, मोठ्याने. थांबलो तेव्हा आणखी चार-पाच जोड्या हात धरून तयार उभ्या होत्या, त्यात दोन मुलगेही होते, मग त्यांनाही शिकवलं. डीजे रेकॉर्ड हातात धरून बघत राहिला, आम्ही थांबेपर्यंत त्याने ती लावली नाही.