अ‍ॅक्रिलिकच्या टाकीतला फायटर : पहिले अडीच महिने

माशाची टाकी काचेची घ्यावी की अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची, हा प्रश्न माझ्यापुरता भाड्याच्या घराने सोडवला. दर अकरा महिन्यांनी करार संपतो, तेव्हा टाकी दोन हातांनी उचलून टेम्पोत ठेवता आली पाहिजे. त्याच जाडीच्या काचेच्या निम्म्याहून कमी वजन अ‍ॅक्रिलिकचं. आतून ४५ × २५ × २५ सेंटिमीटर मापाची, ६ मिलिमीटर जाडीची टाकी बनवून घेतली. वर थोडं मोकळं सोडून साधारण २२ लिटर पाणी बसतं. एका फायटर माशाला (बेट्टा) ही जागा ऐसपैस आहे. बरणीत वाढवलेले फायटर आपण सगळ्यांनीच पाहिलेत, त्यामुळे ही जागा मुद्दाम दिली.

टाकीखाली प्लायवूडची सपाट फळी आहे. अ‍ॅक्रिलिकच्या तळाला पूर्ण आधार लागतो. नुसत्या कडांवर टेकवली तर तळ हळूहळू वाकतो आणि जोडावर ताण येतो. पाणी भरल्यावर पुढची भिंत किंचित बाहेर आली, तेव्हा छातीत धस्स झालं होतं. पण वरच्या कडेने आतल्या बाजूला पट्टी जोडलेली आहे, तिने ताण धरला. मोजपट्टी लावून रोज मोजत होतो. तिसऱ्या दिवसानंतर फरक पडला नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी स्पंज फिल्टर, ५० वॉटचा हीटर, तीन सेंटिमीटर काळी वाळू, लाकडाला दोऱ्याने बांधलेल्या अनुबियास आणि जावा फर्न या पाणवनस्पती एवढं आत गेलं. मासा नाही. माशाच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू आधी वसवायचे होते. त्यांचं खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, पण बाजारातला नव्हे तर प्रयोगशाळेचा शुद्ध, १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवला. त्यातले १४ मिली टाकीत टाकले की अमोनिया साधारण २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन) येतो. पुण्यात तेव्हा रात्री गारठा पडायला लागला होता, म्हणून हीटर २८ अंशांवर ठेवला. थंडीत हे जिवाणू फार सावकाश वाढतात. बाराव्या दिवशी टेस्ट किटच्या नळीत नायट्राइटचा जांभळा रंग दिसला. मग जवळजवळ तीन आठवडे तो रंग हलेना. पस्तिसाव्या दिवशी रात्री टाकलेला अमोनिया दुसऱ्या रात्री शून्य, नायट्राइटही शून्य. जे कोणी या टप्प्यावर कंटाळून मासा आणायच्या बेतात असतील त्यांना विनंती : अजून थोडं थांबा. नायट्राइट रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकदच काढून घेतं. फायटर वर येऊन हवा घेतो, तरी त्यातून सुटत नाही.

या काळात साचलेलं नायट्रेट काढायला ९० टक्के पाणी उपसलं, आणि रिकाम्या टाकीच्या भिंतींवरचा तपकिरी थर पुसायला घेतला. तिथे घात झाला. पुसायचा स्पंज वाळूच्या पातळीपर्यंत नेला, तिथला एक कण त्यात अडकला आणि मी तसाच वर ओढला. समोरच्याच भिंतीवर तळहाताएवढी लांब पांढरी रेघ. दिव्याखाली ती इतकी झळकत होती की टाकीत दुसरं काही दिसेचना. बराच वेळ नुसता बघत बसलो. मग पाणी भरायला लागलो, तर पाणी जसं वर चढलं तशी रेघ खालून पुसट होत गेली. पाण्याच्या वर उरलेला तुकडा मात्र तसाच पांढरा. कारण असं : प्रकाश वाकवण्याचा गुण अ‍ॅक्रिलिकचा १.४९ आणि पाण्याचा १.३३, म्हणजे दोन्ही जवळपास. हवेचा १. त्यामुळे चरा पाण्याने भरला की बराचसा लपतो. बाहेरच्या बाजूचा चरा असा लपत नाही, तो पॉलिश करूनच काढावा लागतो.

त्या दिवसापासून वाळूजवळचे दोन सेंटिमीटर मी पुसतच नाही. तिथलं शेवाळ राहिलं तर राहू दे. बाकी भिंती आठवड्यातून एकदा, पाणी बदलायच्या आधी, मऊ मायक्रोफायबरने. फडकं आधी बादलीतल्या पाण्यात खळबळून घेतो आणि बोटांनी चाचपून कण नाही ना बघतो. ब्लेड तर जवळही आणत नाही. सोसायटीत अधूनमधून टँकरचं जड पाणी येतं, त्याने पाण्याच्या रेषेवर पांढरी खार बसते. पाणी बदलताना पातळी खाली गेली की पातळ व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं त्या खारीवर पाच मिनिटं धरून ठेवतो, ती आपोआप सुटते. मग साध्या ओल्या फडक्याने दोनदा पुसतो. काचा पुसायचे फवारे बाहेरूनही नकोत. त्यातल्या अमोनियाने किंवा अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिकला केसासारख्या भेगा पडतात. बाहेरून कोरडंही पुसू नका, स्थिर वीज तयार होते आणि धूळ उलट जास्त चिकटते.

मासा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. निळा हाफमून, म्हणजे अर्धचंद्रासारखी पसरणारी शेपटी असलेला, शेपटीच्या कडेला लालसर झाक. पिशवी तरंगत ठेवून तासाभरात थोडं थोडं टाकीचं पाणी मिसळलं. पहिले दोन दिवस भिंतीतल्या प्रतिबिंबावर कल्ले फुलवून धावून जात होता, म्हणून मागच्या आणि बाजूच्या भिंतींना बाहेरून काळा कागद लावला. आता हीटर २६ वर आहे, झाकण कायम, कारण हे मासे उड्या मारतात आणि वरची हवा उबदार असलेली त्यांना मानवते. रोज चार दाणे, रविवारी उपास. आठवड्याला पाच लिटर पाणी बदलतो, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारून आणि तापमान जुळवून. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा त्याच उपसलेल्या पाण्यात पिळतो, नळाखाली कधीच नाही.

परवा देशी बदामाचं वाळलेलं पान टाकलं होतं. पाण्याला कोऱ्या चहाचा हलका रंग आला आणि काल सकाळी पानाच्या कडेखाली फेसाचं घरटं दिसलं, रुपयाच्या नाण्याएवढं. नर असं घरटं बांधतोच, त्यावरून पाणी चांगलं आहे असं ठरवायचं नाही, म्हणून किटने तपासलंच : अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०. आज पाणी बदलताना धार बशीवर सोडली, अगदी बारीक. वीस मिनिटं लागली. पान थोडं सरकलं, फेस तसाच राहिला, आणि मासा त्याच्याखाली येऊन परत बुडबुडे चिकटवायला लागला.